तेरेसाआजीच्या भिंतीवरची फुली

रविवार, ८ मार्च १९८१. पिंपरीत आकाश निरभ्र, दुपारपासून ऊन चांगलंच तापलेलं.

इटलीहून येऊन आठ दिवस झाले. रोज कुणीतरी सायकल थांबवून म्हणतं, "ते सांगा की परत." शमुवेल सांगतो तेव्हा बर्फ कमरेएवढा असतो, दानियल सांगतो तेव्हा गळ्याएवढा. माझ्या डायरीत नऊ इंच आहे. म्हटलं, किस्से आणखी वाढायच्या आत लिहून काढावेत.

तिथे डोंगरातली गावं भूकंपात पडली होती. एका मिशनचं आमच्या चर्चला पत्र आलं: लाकडी घरं उभारायला कारागीर पाठवा, तिकिटं आम्ही काढतो. आम्ही सहा जण निघालो, सगळे कारखान्यातले. शमुवेल सुतार, दानियल वेल्डर, मी इन्स्पेक्शनचा. मी तिथे काय करणार, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "आमोसभाऊ, तुम्ही चुका काढा."

*

निघण्याआधी सराव म्हणून चर्चच्या आवारात एक खोली उभारली. दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी बघतो तर आत एक कुटुंब! बीडकडून कामाला आलेलं. नवरा, बायको आणि एक शेळी.

"कुणाला विचारून राहिलात?" मी विचारलं.

"दाराला कुलूप न्हवतं, साहेब. आत बी कुनी न्हाई. म्हनलं, आमच्यासाठीच बांधली आसंल."

पाळकसाहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "एक घर तर दिलं गेलं. आता पुढची बघा."

*

इटलीतल्या त्या गावात पोचलो तेव्हा चौकात मोठी रांग होती. आमच्या अंगात घरी विणलेले स्वेटर, दात वाजत होते. सगळे उभे आहेत म्हणून आम्हीही उभे राहिलो. एका बाईने नावं लिहून घेतली, प्रत्येकाला गरम सूप दिलं आणि वर एकेक जाड कोट.

"स्वागत झकास आहे, राव," दानियल म्हणाला.

तेवढ्यात आमच्या दुभाषी सिस्टर धावत आल्या. त्या मूळच्या केरळच्या, पण आता गावाजवळच्या कॉन्व्हेंटमध्ये असायच्या. आमच्याशी हिंदीत बोलायच्या.

"ये क्या किया? ये भूकंपवालों की लाइन है!"

आम्ही शरमेने कोट परत करायला गेलो. त्या बाईला वाटलं, हे लोक संकोच करताहेत. तिने हातमोजेही दिले.

*

दानियलची कीर्ती दुसऱ्याच दिवशी पसरली. लोक मोडकं जे जे असेल ते घेऊन यायला लागले: पाळणा, सायकल, कढई. एका म्हाताऱ्याने रुमालातून दुभंगलेली कवळी काढली.

दानियल म्हणाला, "सिस्टर, यांना सांगा, मी लोखंडाचा माणूस आहे."

सिस्टरनी सांगितलं. म्हातारा हलला नाही. शेवटी दानियलने बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने कवळी शिवून दिली. म्हाताऱ्याने तिथेच पाव चावून दाखवला.

दुसऱ्या दिवशी आणखी तीन कवळ्या आल्या.

*

आता माझी चूक. अकरावं घर तेरेसाआजीचं. आजी एकटीच, वय बहात्तर, भूकंपापासून तंबूत. खोकला हटत नव्हता, बर्फ पडायची चिन्हं होती आणि आमच्या रजेचे आठच दिवस उरले होते.

घर पुरं झालं. मी तपासायला गेलो. खिडकीच्या चौकटीचा एक स्क्रू राहिला होता. बावीस वर्षांची सवय! खिशातून लाल खडू काढला, भिंतीवर हातभर फुली मारली आणि जेवायला गेलो. आमच्या शॉपमध्ये फुली म्हणजे जॉब दुरुस्तीला परत.

परत आलो तर अर्धं गाव दारात. तिथे जे घर पाडायचं, त्यावर लाल फुली मारत. आजीचं जुनं घर तसंच पाडलं होतं.

सिस्टरनी आजीचं म्हणणं सांगितलं: "मेरा घर तीन सौ साल में गिरा. इनका तो खाने की छुट्टी में गिर गया."

*

फुली पुसली, स्क्रू बसवला. आजी उंबऱ्याला पाय लावेना.

"लोड टेस्ट करू," शमुवेल म्हणाला. आम्ही सहाही जण छपरावर चढून उड्या मारल्या. गावाने टाळ्या वाजवल्या. आजीने नाही.

"ऊपर से किसको डर है?" सिस्टर म्हणाल्या. "बोलती है, भूकंप नीचे से आया था."

मग आजीने अट घातली: फुली मारणाऱ्याने आधी आत राहून दाखवावं.

"जावा, आमोसभाऊ," शमुवेल म्हणाला. "आता तुमचं इन्स्पेक्शन."

*

मी राहायला गेलो. बुधवारी बर्फ पडला. आजी रोज सकाळी तंबूतून खोकत यायची, उंबऱ्याबाहेरून माझ्याकडे बघायची. मी हात वर करून दाखवायचो की आहे, जिवंत आहे. ती मान हलवून परत जायची.

गुरुवारी बारीकसा धक्का बसला. नुसते कप वाजले. पण आजी तंबूतून बाहेर आली तेव्हा मी तिच्या आधी रस्त्यावर उभा होतो, अनवाणी.

"अब भूल जाओ," सिस्टर म्हणाल्या.

घराला काहीही झालं नव्हतं. शमुवेल दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

*

शनिवारी मी स्वयंपाकाला लागलो. आजीनेच दाराबाहेर ठेवलेली मॅकरोनी होती. मला रीत ठाऊक नव्हती. खिचडीसारखी केली: गार पाण्यात टाकली, हळद आणि घरून आणलेलं तिखट घातलं आणि शिजून लगदा होईपर्यंत घोटत बसलो.

आजी नेहमीप्रमाणे दाराशी आली. तिने वास घेतला. पातेल्यात काय आहे ते तिला बाहेरून दिसत होतं. ती काहीतरी ओरडली, सिस्टरनी ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मग ती सरळ आत आली, माझ्या हातातला डाव हिसकावून घेतला आणि पातेलं उचललं.

डायरीतली नोंद अशी: शनिवार, २१ फेब्रुवारी. सकाळी ११.१०, आजी आत. ११.१५, माझी बॅग बाहेर. दुपारी ३, आजीचा पलंग आत. ४.३०, तंबू सोडला.