डोन्या होविता आणि लोखंडी माड

एल होकोटे गावात डोन्या होविताच्या नजरेला सगळे वचकून असत. नगरपालिकेत गावाच्या शोभेचं खातं तिच्याकडे होतं. न्हाव्याकडून तिने त्याच्या दुकानाचं दार तीनदा रंगवून घेतलं होतं. स्वतःच्या अंगणालाही एकदा नोटीस धाडली होती.

अशा बाईने मोबाईल टॉवरचं कंत्राट लिहिलं, मग काय विचारता! टॉवर चौकातल्या माडांमध्ये उभा राहायचा होता, म्हणून तिने कलम घातलं: टॉवर माडासारखाच दिसला पाहिजे, शेजारच्या माडांत ओळखू येता कामा नये, आणि तसा दिसेपर्यंत सुरू व्हायचा नाही. खरं तर टॉवरची सगळ्यात जास्त गरज तिलाच होती. तिचा एकुलता एक मुलगा एल्मेर ह्यूस्टनला घरांची छपरं घालायचा. दर रविवारी त्याचा फोन घ्यायला तिला दुखऱ्या गुडघ्यांनी कब्रस्तानाची टेकडी चढावी लागे. गावात बाकी कुठे रेंजच नव्हती.

राजधानीहून इंजिनियर फाउस्तो आला. त्याने प्लास्टिकच्या झावळ्या लावलेला लोखंडी माड उभा केला.

"हा माड आहे की पहाऱ्यावरचा शिपाई?" होविता म्हणाली. "आमचे माड वादळाने वाकलेत. वाकवा."

त्याने वाकवला.

"आणि चुना? इथल्या एकेका झाडाला कमरेपर्यंत चुना फासलाय. हाच काय तो उघडा?"

चुना लागला. मग झावळ्या फार हिरव्या ठरल्या, एक तरी सुकून लोंबणारी हवी झाली. मग खोडावर प्रेमिकांची नावं नाहीत म्हणून बाई अडल्या. फाउस्तोने वैतागून आपलं आणि बायकोचं नाव कोरलं.

"लग्न झालेली माणसं कशाला कोरतील? खोटं वाटतं. खोडा ते."

"खोडलं, डोन्या. आता तरी सही करा!"

"पाखरं बसत नाहीत. सगळ्या माडांवर काळ्या सनात्यांचा कलकलाट, ह्याच्यावर एक नाही. म्हणजे पाखरांनासुद्धा ओळखू येतोय."

फाउस्तोने टोपी जमिनीवर आपटली. "बाई, मी लोखंड वाकवतो. पाखरं माझ्या नोकरीत नाहीत! उद्या सोमवारी खोलून घेऊन जातो."

होविता घरी आली, पण तिने ताट तसंच बाजूला सारलं. कलम तिचंच, मोडायचं कुणी? शेवटी ती ओच्यात मक्याच्या भाकरीचे, तोर्तियाचे तुकडे घेऊन चौकात गेली आणि लोखंडी माडावर ते भिरकावू लागली.

"या गं बायांनो, बसा जरा! काय बिघडतं तुमचं?"

"डोन्या," बाकावर कॉफी पीत बसलेला फाउस्तो म्हणाला, "हे कंत्राटात बसतं का?"

"पाखरांना खाऊ घालू नये असं कुठे लिहिलंय?" बाई लाजेने लाल झाल्या होत्या, तरी आवाज चढाच.

तेवढ्यात एक सनाते पक्षी सुकल्या झावळीवर उतरला. त्यामागून आणखी चारपाच आले. बाई तोंड वर करून बघतच होत्या, तर त्यांच्या खांद्यावर पचकन विष्ठा पडली.

"हं," खांदा न पुसताच होविता म्हणाली, "आता दिसतो माडासारखा. आणा कागद."

फाउस्तो टॉवर सुरू करायला धावत सुटला. दुपारी होविता स्वयंपाकघरात खुर्चीवर पाय पसरून बसली होती, तेव्हा फोन वाजला.

"कसा आहेस रे, बाळा?"

एल्मेर घाबऱ्या आवाजात म्हणाला, "आई, तुला काही होतंय का? आज तुला धाप कशी नाही लागली?"

"बसून बोलतेय रे," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.