लॅपटॉपच्या झाकणावरचं शुभ-लाभ

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या लोधीपुरा मोहल्ल्यात कुणाला सांगायला नको. पण मुलगी पुण्याला जायच्या आधीचे ते दिवस मी घरात तोंड दाबून काढले, आणि तेही एका लॅपटॉपपायी.

लॅपटॉप मुलीचा, चंदेरी रंगाचा, दहावीत असताना घेतलेला. घरात तेवढा एकच, म्हणून तिच्या वडिलांनी दुकानाची बिलंही त्याच्यातच करायला घेतली. आमचं दुकान इतवारा बाजारात. ठिबकच्या नळ्या, पाइप, केळीच्या घडांवर चढवायच्या पिशव्या, असला माल. सासऱ्यांच्या काळात लक्ष्मीपूजनाला चोपडी पुजायचे. आता हिशोबच लॅपटॉपमध्ये, तर पाटावर लॅपटॉप. हे दर दिवाळीला आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून, तुपात कुंकू कालवून झाकणावर बोटाने लिहायचे: डावीकडे शुभ, उजवीकडे लाभ. वर फूल, अक्षता. आणि आमच्या घरचा नियम असा, की पूजेचं कुंकू पुसायचं नाही. आपोआप गेलं तर जाऊ द्यायचं. चोपडीच्या कागदावर ते शोभायचंही. या चंदेरी रंगात मात्र ते असं मुरलं की जायचं नाव घेईना. पुढच्या दिवाळीला यांनी त्याच अक्षरांवरून पुन्हा बोट फिरवलं, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही. अक्षर छान वळणदार आहे यांचं, त्यात वाद नाही.

तसा तो लॅपटॉप वापरून झिजलेलाच होता. मनगट टेकतं तिथला रंग उडून खालचं काळं प्लास्टिक दिसायचं, कोपरे घासलेले, काही बटणांवरची अक्षरं पार गेलेली. त्याचं मुलीला काहीच वाटायचं नाही. चालायला एकदम चांगला होता, त्यामुळे तोच पुण्याला न्यायचा हे ठरलेलंच होतं, आणि दुकानाची बिलं यांनी आधीच मोबाइलवर घेतली होती.

प्रवेशाच्या वेळी मी तिच्यासोबत पुण्याला गेले. तिथल्या हॉलमध्ये मुली आपापले लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या, तसा हिनेही काढला. शेजारच्या मुलीने झाकणाकडे बघितलं, हसली आणि विचारलं, "दुकानातला आहे का गं?" वाईट नाही बोलली ती, सहज विचारलं. माझी मुलगी "हो" म्हणाली आणि त्यानंतर सगळा वेळ गप्प. आधीच तिला तिथं बोलायची धास्ती. आम्ही मराठी, पण राज्यांची वाटणी झाली तेव्हा मध्य प्रदेशात राहिलेलो. आमच्या बोलण्यात हिंदी इतकी मिसळलेली की पुण्यात दोन वाक्यं बोललं की लोक विचारतात, तुम्ही कुठले? आता तर तिनं तोंड उघडायच्या आधी झाकणच सांगून टाकत होतं.

परतताना गाडीत म्हणाली, "मम्मी, ते काढता येईल का गं? पण पप्पांना नको सांगू. त्यांना वाटेल मला त्यांची लाज वाटते."

"वाटते का?" मी विचारलं.

"त्यांची नाही," एवढंच म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.

मला राग आला, पण तिचं पटलंही. यांचा सगळा जीव या पोरीत. तिला जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा दुकानात पाइप घ्यायला आलेल्या प्रत्येकाच्या हातावर यांनी पेढा ठेवला होता, ओळखीचा असो की नसो. आपण हाताने लिहिलेलं शुभ-लाभ पोरगी पुसायला निघाली, हे या माणसाला कळता कामा नये. म्हणून ठरवलं, हे दुकानात गेले की काम काढायचं आणि यायच्या आत लॅपटॉप पिशवीत.

लिंबू लावलं, टूथपेस्ट लावली, खोबरेल तेल चोळलं. कुंकवानं दाद दिली नाही. मग मुलीची नेलपॉलिश काढायची बाटली हाती लागली. तिच्यात कापूस बुडवून 'लाभ'वर फिरवला तर कापूस गुलाबी झाला, आणि मला कोण आनंद! आणखी घासलं. मग कापूस चंदेरी यायला लागला. थांबेपर्यंत 'लाभ' गेला होता, आणि त्याच्याबरोबर तेवढ्या भागाचा रंगही. तळहाताएवढा काळा डाग, आणि शेजारी 'शुभ' जसाच्या तसा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"मम्मी, ये क्या कर दिया?" राग आला की आमची पोरगी हिंदीत जाते.

"तूने ही बोला था," मीही हिंदीतच सुनावलं.

पण नुसतं सुनावून काय होणार? हार्डवेअरच्या दुकानातून चांदी रंगाची छोटी डबी आणली, लोखंडी कपाटांना मारतात त्या रंगाची. तोंडाला रुमाल बांधून मागच्या अंगणात डागावर हात मारला. पावसाचे दिवस, हवा दमट, तो रंग काही वाळेना. लॅपटॉपची चंदेरी मंद आणि माझी चंदेरी ट्रंकेसारखी लखलखीत. वर बोट लागलं की बोटाचा ठसा उठायचा. त्या संध्याकाळी ताट वाढताना यांचं लक्ष माझ्या नखांकडे गेलं.

"काय रंगवून राहिली?"

"कुंडी."

"कोणती?"

"मागची."

मागे एकच कुंडी, तुळशीची, आणि ती लालच्या लाल. हे हात धुवायला मागे गेले, परत आले, जेवायला बसले.

खरं सांगते, मला त्यांचाच राग यायचा. काय गरज होती दरवर्षी त्याच अक्षरांवरून गिरवायची? लक्ष्मीला काय झाकणावर वाचल्याशिवाय घर सापडत नाही? पण हे बोलायची सोय नव्हती. मग मी त्यांच्या चपलांवरून भांडले, पंखा चालू ठेवला म्हणून भांडले, भाजीला नावं ठेवली नाहीत तरी भांडले. हे आपले "बरं" म्हणायचे. तिकडे मी तो चांदी रंग घासलेट लावून काढला, तर आजूबाजूचा चांगला भागही पिवळट पडला. जाण्याचा दिवस जवळ आला आणि झाकण पहिल्यापेक्षा दहापट वाईट दिसायला लागलं.

मुलीनं ते बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "राहू दे मम्मी. मी सगळ्यांसमोर काढणारच नाही. रूमवरच वापरीन."

ती चिडली असती तर मला चाललं असतं. अजून पोरगी घराबाहेर पडली नव्हती आणि तिथं कोपऱ्यात बसायचं तिनं आताच ठरवून टाकलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावायच्या निमित्तानं रडून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी हे दुकानातून लवकर आले. काखेत गुंडाळी होती. आम्ही दोघी बॅग भरत होतो.

"तो लॅपटॉप आण बरं," मुलीला म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अहो, तो अगदी खाली भरला आहे. आता कशाला सगळं उपसायचं?"

"उपसू. परत भरू."

तिनं कपडे काढले, लॅपटॉप काढला आणि उलटा करून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो सरळ केला. काळा डाग, पिवळट कड, गुलाबी 'शुभ', सगळं समोर. मी मनातल्या मनात खोटं जुळवत होते, काय सांडलं, कधी सांडलं. यांनी विचारलंच नाही. खिशातून रुमाल काढला, तांब्यातल्या पाण्यात भिजवला आणि झाकण स्वतःच्या हाताने पुसलं. कुंकवावरूनही.

मग गुंडाळी सोडली. आत लॅपटॉपवर चिकटवायचे कागद होते, एक काळा, एक राखाडी, एक निळा.

"दुकानवाल्याला विचारलं, कॉलेजच्या पोरी कोणता नेतात. तो म्हणे, तिन्ही नेतात. मला काय समजतं त्यातलं. तिन्ही घेऊन आलो. तू सांग."

तिनं राखाडीवर बोट ठेवलं.

यांनी तो झाकणावर ठेवून बघितला, मागून पेन्सिलनं खुणा केल्या, पट्टी धरून ब्लेडनं कापला. मग एका कडेनं हळूहळू बसवत आले आणि आतली हवा पट्टीनं बाहेर सारत राहिले. आधी 'शुभ' गेला, मग माझा डाग. इतके दिवस भांडत होते मी, आणि आता खाली पडलेली कागदाची कात्रणं गोळा करत राहिले.

"पप्पा, राहू द्या ना," मुलगी रडत म्हणाली. "मी तसाच नेईन. खरंच नेईन."

त्यांनी मान वर केली नाही. अंगठ्यानं कोपरा दाबून धरला होता.

"थांब बेटा, हा कोपरा नीट बसू दे," म्हणाले. "तिथं उचलला गेला, तर खालचं दिसेल."