टोकं जपणारा माणूस

ह्यांची सगळी नोकरी विजेच्या मोठ्या मोटरींच्या कॉइलींवर इन्सुलेशनची टेप चढवण्यात गेली. मोटर तापली की आधी बंद करायची, हा ह्यांचा धर्म. घरातला मिक्सरसुद्धा चटणी अर्धी वाटून झाली की विश्रांतीला जायचा आणि मी पाहुण्यांसमोर चडफडत बसायचे.

निवृत्तीनंतर ह्यांची डावी पोटरी दुखू लागली. आनंद नगरच्या भाजीबाजारापर्यंत जाईतो पोटरीत गोळे यायचे, थांबलं की जायचे. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "अंकलजी, आपकी नसें आपकी उम्र से ज़्यादा बूढ़ी हो गई हैं. सिगरेट बंद. और रोज़ चलिए. दर्द हो तो रुकिए, फिर चलिए. चलना ही दवा है."

नसा आपल्याहून म्हाताऱ्या, हे ह्यांना फार लागलं. आमची मुलगी इंदूरला जीवशास्त्र शिकवते. तिला ह्यांनी फोनवर धारेवर धरलं. ती म्हणाली, "बाबा, पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात, टोकं जपणारे. पेशीचं विभाजन झालं की ते थोडे आखूड होतात. फार आखूड झाले की पेशीचं विभाजनच थांबतं. सिगरेटने, साखरेने रक्तवाहिनीचं अस्तर सारखं झिजतं, सारखं दुरुस्त व्हावं लागतं, म्हणून ही टोकं लवकर संपत असावीत. सगळं अजून कळलेलं नाही. पण चालल्याने मात्र..."

पुढचं ह्यांनी ऐकलंच नाही. "म्हणजे टेप मोजकीच आहे," हे म्हणाले. "उरलेली जपायची. लोड घ्यायचा नाही."

आणि माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. सिगरेट सोडली, तेवढं कबूल करते. मी रागावले, रडले. निदान तेवढं तरी उठतील म्हणून ताट पुढ्यात न देता ओट्यावर ठेवू लागले. हे ताट तिथंच निवू द्यायचे. "तापलेली मशीन चालवायची नसते. तुला नाही कळायचं ते."

"बाबा, तुम्ही मशीन नाही आहात!" मुलगी फोनवर ओरडली. हे हसले. मला हसू येत नव्हतं. रोज तेल लावताना ह्यांचा पाय माझ्या हाताला आणखी गार लागत होता.

मग बसल्या जागीही दुखू लागलं. अंगठा काळपट पडला. डॉक्टरांनी अंगठ्याचं नख दाबून सोडलं. ते पांढरं झालं आणि किती तरी वेळ तसंच राहिलं. "बाईपास करके देखते हैं. फिर भी खून नहीं पहुँचा, तो पैर काटना पड़ेगा."

ऑपरेशन झालं. नख दाबायचं, सोडायचं आणि रक्ताचा रंग परत येतो का बघायचं, हे डॉक्टरांनी मलाही शिकवून ठेवलं होतं. ह्यांना वाकता येत नव्हतं, स्वतःचा पाय दिसत नव्हता.

"अगं, घरी गेलो ना, की मला चालव," हे म्हणाले. "बाजारापर्यंत म्हणशील तर बाजारापर्यंत. दुखलं तरी चालेन."

हे ऐकायला मी किती आसुसले होते! आता ऐकलं आणि भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

"बघ गं दाबून. रंग आला का?"

मी अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं आणि वाट बघितली. पुन्हा दाबलं. नख पांढरंच होतं.

"आला," मी म्हणाले, पायावर चादर ओढली आणि नर्सला बोलवायला धावले.