तिसरा पुकारा

कातळोलीच्या खालच्या वाडीत सहदेवला सहदेव म्हणणारं आता कुणी उरलं नाही. थोरली माणसं ‘कंडक्टर’ म्हणतात, पोरं ‘नाना’ म्हणतात. सारी नोकरी त्याने पूर्णगडच्या एसटीत काढली. भाट्ये, कोळंबे, पावस, गणेशगुळे, अशी त्याची हाक आली की पेंगुळलेली माणसं पिशव्या सावरत उठायची. त्याचा एक हट्ट होता. थांब्याचं जे नाव तिथली माणसं घेतात तेच आपण घ्यायचं, तिकिटावर काहीही छापलेलं असो.

माणूस निवृत्त झाला, आवाज काही झाला नाही. तालुक्यात कबड्डीची स्पर्धा कुठेही असो, माईकवर सहदेवच. बायको गेल्यापासून तो वहिनीकडे जेवतो. थोरला भाऊ धाकू, त्याची ही बायको कमलाबाई. धाकूही गेला. सामने संपवून सहदेव कितीही उशिरा आला तरी पडवीतून तिची हाक येते, “भावजी, जेवायला या.” त्या हाकेवर त्याचा दिवस मिटतो.

तर यंदा हा माणूस दमला. वयाने नव्हे हो, एका नावापायी.

ते नाव तक्षशिला. वाडी बौद्ध झाली ती सहदेवच्या बापाच्या पिढीत, पण गावच्या कबड्डी संघात वाडीतल्या पोरांना घ्यायला गाव पुढेही तयार नव्हतं. मग धाकूने वाडीचाच संघ उभा केला. विहारात बसून सगळ्यांनी नाव ठरवलं, तक्षशिला क्रीडा मंडळ. निळ्या बनियनी बायकांनी घरीच रंगवल्या. पहिलीच स्पर्धा शेजारच्या गावात होती. कबड्डीत संघाला तीनदा बोलावतात. तिसऱ्या पुकाऱ्यालाही संघ उतरला नाही, तर समोरच्याला न खेळताच पुढे चाल. तिथला निवेदक माईकवर म्हणाला, “खालच्या वाडीचा संघ मैदानात यावा.” धाकू रेषेबाहेर मांडी घालून बसला. दुसरा पुकारा झाला, तोच. तिसराही तोच. पोरं न खेळता घरी आली. सहदेव नंतर त्या निवेदकाला विचारायला गेला, तर तो हसून म्हणाला, “अरे, एवढं मोठं नाव माझ्या जिभेवर येत नाही.”

जिभेला हाड नसतं म्हणतात, त्याच्या जिभेला बरं होतं! त्या वर्षीच सहदेवने माईक धरायला घेतला. दुसऱ्यांच्या स्पर्धांत फुकट राबला, खुर्च्या मांडल्या, भोंगे बांधले आणि माईक मिळाला की तक्षशिलेचं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत घेतलं. ऐकून ऐकून बाकीचेही घ्यायला लागले. पुढे तर ‘तक्षशिला आली’ म्हटलं की समोरचा संघ गुडघ्याला पट्ट्या बांधायला बसायचा.

आणि यंदा जिल्ह्यात लीग निघाली. लीग म्हणजे संघाला मालक आला. वाडीच्या संघाचा मालक झाला अनिलशेठ, चिरेखाणवाला. माणूस वाईट नाही. त्याने मॅट दिली, बूट दिले, शिकवायला मुंबईहून माणूस आणला. मग एके दिवशी विहारासमोर गाडी उभी करून सांगितलं, “नाना, संघाचं नाव बदलतोय. कोकण रायनोज. लोकांच्या डोक्यात बसायला हवं ना. जर्सी काळी-सोनेरी.”

रायनो म्हणजे गेंडा. आता कोकणात गेंडा कुणी बघितलाय? रानडुक्कर म्हणाला असता तर एक वेळ चाललं असतं, ते निदान भात खायला तरी येतं. कमलाबाईने कपाळाला हात लावला. “मेल्यांना दुसरं जनावर नाय मिळालं?” म्हणाली. पण वाडीने त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. जर्सीवर शेठला काय छापायचं ते छापू दे. माईक कुणाच्या हातात आहे? कंडक्टरच्या. कंडक्टर तक्षशिलाच म्हणणार. सहदेवने मान हलवली. त्याच्या मनातही तेच होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी प्रज्ञेश आला. धाकूचा नातू, संघाचा कप्तान. चढाईला गेला की हाती लागत नाही असं पोरगं, पण त्या दिवशी बोलायला जड जात होतं त्याला.

“नाना, उद्या आमचं नाव घ्याल ना?”

“तुमचं म्हणजे कुठलं?”

“रायनोज.”

सहदेव बाकावर टेकला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

“शेठने जबरदस्ती नाय केली,” प्रज्ञेश म्हणाला. “आम्ही सगळ्यांनी हो म्हटलंय. नाना, तुम्ही रागवाल, पण सांगतो. तक्षशिला म्हटलं की समोरच्याला लगेच कळतं कुठली वाडी ती. निवडीला गेलो की नाव विचारतात आणि मग एकमेकांकडे बघतात. रायनोज म्हटलं की कुणी काय विचारत नाय. नुसता खेळ बघतात.”

“म्हणून आजाचं नाव टाकायचं?”

“आजा माझ्या पायात आहे, नाना. नावात कशाला पायजे?”

पोरगं गेलं आणि सहदेव बाकावर तसाच बसून राहिला. त्याला रागही धड येईना. वाडीचा शिक्का पुसायला म्हणून जे नाव घेतलं, तेच नाव आता पोरांना शिक्का वाटतंय. मग इतकी वर्षं आपण कशासाठी घसा फोडला? त्याला सगळ्याचाच कंटाळा आला.

सामना पावसच्या मैदानावर, दुपार कलल्यावर. वाडीच्या बायका पहिल्या रांगेत, मध्ये कमलाबाई. निळा रुमाल मांडीवर घडी घालून ठेवलेला. मंडपात अनिलशेठ, अंगात काळी-सोनेरी जर्सी. सहदेवने समोरच्या संघाला बोलावलं, तो उतरला. मग त्याने माईक पुन्हा तोंडाशी धरला. दोन नावं होती आणि दोन्ही बाहेर येईनात. कुणालाच दुखवायला नको म्हणून त्याने मधली वाट काढली.

“कातळोलीचा संघ मैदानात यावा. पहिला पुकारा.”

पोरं जागची हलली नाहीत. मैदानात कुजबूज झाली. कमलाबाई उभी राहून म्हणाली, “तक्षशिला म्हणा वो, भावजी!”

“कातळोलीचा संघ मैदानात यावा. दुसरा पुकारा.”

प्रज्ञेश रेषेबाहेर खाली बसला. मांडी घालून. रागाने नाही, अगदी शांतपणे, आणि सहदेवकडे बघत राहिला. तसाच धाकू बसला होता. तेवढ्यात सहदेवला आपलेच शब्द ऐकू आले. कातळोलीचा संघ. खालच्या वाडीचा संघ. अरे, आपण तोच माणूस झालो की! माईक आपल्या हाती आहे म्हणून दुसऱ्याने घेतलेलं नाव गिळणारा. सगळा जन्म ज्याच्याशी भांडलो, तो आपल्याच तोंडून बोलला.

त्याने वहिनीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जमलं नसतं.

“कोकण रायनोज,” सहदेव म्हणाला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, नीट. “कोकण रायनोज संघ मैदानात यावा. तिसरा पुकारा.”

प्रज्ञेश उठला, रेषेला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेला. मंडपात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून एकही टाळी आली नाही. कमलाबाईने रुमाल कमरेला खोचला आणि बायकांतून वाट काढत निघाली. तिच्या मागून आणखी दोघीतिघी उठल्या. सामना रंगला म्हणतात. पोरं जिंकली. सहदेवने एकेक चढाई सांगितली, पण घरी येताना त्याला त्यातली एकही आठवेना.

अंगणात आला तेव्हा पडवीतला दिवा चालू होता. भात उकरल्याचा आवाज येत होता. तो पायरीवर टेकला. पाय दुखत होते, घसा बसला होता, आणि मनातून त्याला वाटत होतं की तिने भांडावं. भांडली असती तर सांगता आलं असतं, वहिनी, धाकूदादा असता तरी त्याने पोरांनी ठरवलेलंच नाव घेतलं असतं. निदान आपण दोघं तरी घरात तक्षशिला म्हणू, असंही सांगायचं होतं.

कमलाबाई दारात आली. हातातलं ताट तिने खाली ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला.

“जेवा,” म्हणाली, आणि आत गेली.

नुसतं ‘जेवा’. भावजी नाही, काही नाही. नाव न घेता बोलावलं की माणसाला कसं वाटतं, हे सहदेवला कुणी शिकवायला नको होतं. धाकू त्या दिवशी रेषेबाहेरून उठला नव्हता. सहदेव मात्र उठला, हात धुतले आणि ताटावर बसला.