कझनच्या पुढचं ‘ब्रदर’

‘दादामामा एक्स्पायर्ड टुडे मॉर्निंग.’ भाच्याचा मेसेज, दिघाशीहून. भिवंडीजवळ पूर्णा इथल्या आमच्या गोदामात ट्रक लागला होता. मोबाइल हातात धरून मी उभा राहिलो आणि, सांगायला लाज वाटते, आधी त्यातल्या चुकाच दिसल्या. एक्स्पायर औषधं होतात, माणूस मरतो. आणि ‘टुडे मॉर्निंग’ नाही, ‘धिस मॉर्निंग’... हे असं चुका काढणं दादाचंच. महिना उलटून गेला, डोक्यातला त्याचा आवाज काही थांबत नाही.

दादा माझा चुलतभाऊ. कोन गावातल्या एकाच घरात, एका ताटात जेवून वाढलो आम्ही. पुढे तो भिवंडीतल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागला. खिशात कायम लाल पेन. लग्नपत्रिका असो की हॉटेलचं मेनूकार्ड, हाती येईल ते दुरुस्त करायचा. मी ‘रिटर्न बॅक’ म्हटलं की, “बॅक काढ. रिटर्नमध्येच आलंय ते.” कुणाला त्याची ओळख ‘माय कझन ब्रदर’ अशी करून दिली की चारचौघांत, “ब्रदर काढ, सुध्या. कझन म्हणजे कझन.” समोरच्याने “रिअल ब्रदर नाही का?” विचारलं तर त्यालाही सोडायचा नाही. “रिअल? मग बाकीचे काय प्लास्टिकचे?” एकदा मी चिडून म्हटलं, “मराठीत तर भाऊच आहेस ना?” तर हसून म्हणाला, “मराठीत आहे रे. इंग्रजांकडे कुठे एवढे भाऊ!”

वहिनी आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. त्यामुळे गेल्या वर्षी पोटाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्याला मीच दवाखान्यात नेलं. सहीसाठी नर्सने विचारलं, “आप कौन लगते हो इनके?” एक सही, आणि तिच्यामागून येणारं सगळं... जागरणं, पथ्यपाणी, काही बरंवाईट झालं तर माझ्याकडे वळणारी बोटं. मी म्हणालो, “कझन.” “सगा कोई नहीं?” “बहन है. दिघाशी में.” दादा डोळे मिटून पडला होता. झोपलाय असं मला वाटलं, म्हणजे मी तसं वाटून घेतलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, “बरोबर, सुध्या. आज पहिल्यांदा ब्रदर नाही लावलंस.”

दुसऱ्या दिवशी दादाच्या सख्ख्या बहिणीने, आक्काने येऊन सही केली. ऑपरेशन झाल्यावर मी म्हटलं, “दादा, घरी चल.” उत्तर आक्काने दिलं, “ऱ्हाऊ दे. मी हाय ना त्याला.” दादा तिच्याबरोबर दिघाशीला गेला. कोनला तो पुन्हा आलाच नाही. दिघाशीला त्याला भेटायला गेलो की मी मुद्दाम ‘रिटर्न बॅक’ म्हणून बघायचो. तो मान हलवायचा. एकही चूक काढली नाही त्याने माझी.

मेसेज आला त्या दिवशी रजेसाठी साहेबांना फोन लावला. म्हटलं, ब्रदर गेला. “कझन ब्रदर?” “नो सर. रिअल ब्रदर.” फोन ठेवला आणि तिथेच थांबलो... “मग बाकीचे काय प्लास्टिकचे?” असं कोणी म्हणालं नाही.

दादाचं लाल पेन आक्काने मला दिलं. खिशातच असतं. पण ‘रिअल ब्रदर’ ही एक चूक मी तशीच ठेवणार आहे.