ततियम्पि न म्हणणारा डबा

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचले. आम्ही बौद्ध, अंगारे-धुपारे, भूतखेत घरात कधी नव्हतं. त्यात मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. मला बिघाड दिसतो, चमत्कार नाही... फक्त हा एक बिघाड अजून कळलेला नाही.

२००३ च्या सुमाराचा उन्हाळा, कुरखेड्याचं आमचं घर. आई शेवटच्या दुखण्यात होती. विहारात जाणं सुटलं, म्हणून मी तिच्या उशाशी त्रिशरण म्हणणारा छोटा डबा ठेवला — आत एक चिप, एक स्पीकर, बाहेर अडॅप्टर. शरण तीनदा म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा ‘दुतियम्पि’, तिसऱ्यांदा ‘ततियम्पि’. डबा दुतियम्पिपर्यंत जायचा, लाल दिवा मिचकायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून, ‘नमो तस्स’.

“तुह्यासारखाच आहे रे,” आई म्हणाली. “तू बी दुसरीत दोनदा बसला होता.”

धाकटी बहीण सुशीला खूप हसली. मग आई हळू आवाजात म्हणाली, “पन तिसरं आयकल्याबिगर मले जाऊ नको देऊ, बापू.”

कारण सोपं वाटलं. आवाज चढला की स्पीकर जास्त करंट ओढतो. व्होल्टेज आधीच कमी, ते क्षणभर आणखी पडतं आणि चिप रिसेट होते. मी कपॅसिटर मोठा टाकला. अडॅप्टर बदलला. सोल्डरचे सगळे डाग पुन्हा दिले. माझ्या टेबलावर डबा तिन्ही वेळा नीट म्हणायचा. आईजवळ नेला की — दुतियम्पि, मिचक, पुन्हा ‘नमो तस्स’. सेलवर लावला, तरी तेच.

एका दुपारी लाइट गेली. डबा तेव्हा अडॅप्टरवरच होता, तो गप्प झाला. आईचा श्वास तुटत होता.

“राहू दे तो डबा. तू म्हन.”

मी म्हटलं. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

तेवढ्यात लाइट आली. डबा सुरू झाला... थेट ‘ततियम्पि’पासून. शेवटपर्यंत गेला. आईचे ओठ सोबत हलत होते, मग थांबले.

“दुरुस्त झाला वाटते, दादा!” सुशीला स्वयंपाकघरातून ओरडली.

त्या चिपला आठवण नसते. वीज गेली की कुठवर आलो होतो ते पुसलं जातं. पुन्हा सुरू झाली की पहिला शब्द. नंतर मी त्याच जागी, त्याच सॉकेटवर कितीतरी वेळा डबा चालू-बंद केला. दरवेळी ‘नमो तस्स’.

“आपल्यात असलं काही मानत नाईत, दादा,” सुशीला म्हणते. “कोनाले सांगू नको.” तिनंही ऐकलं होतं.

विहारात वंदना होते तेव्हा मी आजही दोनदाच म्हणतो. तिसऱ्यांदा इतरांचे आवाज ऐकत बसून राहतो.