दाराजवळची जागा

कामोठ्यात कंत्राटी कामगारांची संस्था चालवणाऱ्या ताई वस्तीतल्या बैठकीत खुर्चीवर बसत नाहीत. सतरंजीवर, तेही सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसतात. कुणी ‘तुमीच बोला ना ताई’ म्हटलं की मान हलवतात. ‘मी कशाला? प्रश्न तुझा, बोलायचं तू.’ मग ती बाई अडखळत का होईना, बोलेपर्यंत ताई थांबतात. तळोज्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या कितीतरी बायका अशाच साहेबांसमोर तोंड उघडायला शिकल्या. हे मी पाहिलंय, म्हणून पुढचं सांगताना जड जातं.

देणगीदार येतात तेव्हा मी त्यांना इंग्रजीत समजावून सांगायला जातो. मागच्या खेपेला ताईंनी सुमनला बोलावलं. कारखान्यात गॅस सुटला, त्यात तिचा नवरा गेला. सुमन कोरड्या आवाजात सांगत होती, मास्क मागितले, मिळाले नाहीत, आता आमी सगळ्या मिळून मागतोय. पाहुणे मोबाइल बघायला लागले. ताई तिच्या कानाशी वाकल्या. ‘हे राहू दे. त्याला घरी आणला, तेव्हाचं सांग.’

सुमन सांगता सांगता रडली. पाहुण्यांनी मोबाइल खाली ठेवले. संस्था आणखी वर्षभर चालेल, एवढी सोय झाली.

काल पुन्हा पाहुणे येणार होते. ताई खुर्च्या मांडत होत्या. सुमन आली, चपला काढल्या आणि साधेपणानं विचारलं, ‘ताई, आज पण रडायचंय का?’

‘थोडंसं,’ ताई म्हणाल्या, आणि हातातली खुर्ची तशीच ठेवून दाराजवळ जाऊन खाली बसल्या.